बांधावरची पाथरी

केम गावच्या बजाबाईंना म्हातारपणीही प्रत्येक गोष्टीचं 'का' कळल्याशिवाय चैन पडायचं नाही. त्यांच्या मुलाची, सयाजीची केळी परदेशी जाऊ लागली, तेव्हा माल घेणाऱ्या कंपनीकडून शेताच्या तपासणीला आलेल्या आरोहीनं सांगितलं, "बांधावर तणनाशक मारायचं नाही. तो तसाच राखायचा."

"केळी खाणाऱ्याला आमच्या बांधाचं काय पडलंय गं पोरी?" बजाबाईंनी विचारलं.

"आजी, शेतातले किडे, पाखरंही जगली पाहिजेत, अशी माल घेणाऱ्यांची अट आहे."

सयाजी कुरकुरला, "गाव हसंल की. आळशाचं रान म्हणत्याल."

बजाबाई मात्र रोज सकाळी काठी टेकत बांधावर जायच्या, काय नवं उगवलं ते बघायला. आधी नुसतं गवत माजलं. मग मधमाश्या घोंघावू लागल्या. थंडी पडायला लागली तशी एके दिवशी त्या मटकन खाली बसल्या नि ओरडल्या, "सयाजी, हितं ये! पाथरी हाय की रं! खुरपायला जायची तवा भाकरीसंगं हीच खायची मी. मला वाटलं, कवाच मेली."

सयाजीनं ती भाजी कधी पाहिलीच नव्हती. त्यानं एक पान चावलं. "कडू हाय," म्हणाला, आणि दुसरं तोडलं.

"समदी खाऊ नगंस," बजाबाई म्हणाल्या. "बी धरू दे. बघू तरी, मातीत अजून काय काय दडून बसलंय."