भिंतीतल्या दोघी

माझी बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. भेटायला येणारे म्हणतात, बाई फार शांत होती हो. मी ऐकून घेतो. शांत नव्हती ती. अर्ध्याहून जास्त आयुष्य तिला डोक्याचा आजार होता आणि रोज गोळ्या घेऊन ती माणसांत राहिली. तो शांतपणा तिनं कमावलेला होता. हे कोणी बोलत नाही. आमच्या पोरीलाही बोललेलं आवडत नाही. पण मी म्हातारा झालो, आता मला कोणाची लाज राहिली नाही, आणि या आजारात सगळ्यात जास्त चुका मीच केल्या. शाळा माझी चौथीपर्यंत. लिहिण्यात काही वाकडंतिकडं असेल तर असू द्या.

आम्ही नागपूरला लागून असलेल्या वाडीला राहत होतो. मी ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होतो. गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून मालकानं चार खोल्या काढल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. पलीकडं गोण्या, अलीकडं आमची चूल, मधे एका विटेची भिंत. खोलीत मी, बायको, माझी माय आणि वर्षाची पोरगी.

छप्पन साली बापासोबत मीही दीक्षा घेतली होती. तेव्हा मला नुकतं मिसरूड फुटत होतं. घरातले देव आम्ही नदीत सोडले. त्या दिवसापासून भूत नाही, भानामती नाही, अंगात येणं नाही. हे मी नुसतं मानत नव्हतो, दुसऱ्यांनाही शिकवत होतो. रविवारी विहारात वंदना झाली की मी उठून बोलायचो. वस्तीत कोणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की तोडून फेकायचो. लोक मला वचकून असत आणि मला ते आवडायचं.

सत्तरच्या आसपास बायकोचं सुरू झालं. भाकर थापता थापता हात थांबायचा. मान एका बाजूला करून ऐकत बसायची. तव्यावरची भाकर जळायची तरी तिला भान नसायचं. कधी एकटीच हसायची, कधी भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "चूप बसा नं वं." मी विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं, भिंतीत दोघी जणी आहेत आणि दिवसभर तिच्याबद्दलच बोलून राहिल्यात.

माय म्हणाली, हिच्या अंगात येऊन राहिलं, गावाकडच्या भगताकडं नेऊ. मी मायवर असा गरजलो की तिनं दोन दिवस माझ्याशी बोलणं सोडलं. भगताकडं नेलं नाही, याचा मला फार अभिमान वाटला.

आणि चूक तिथंच झाली. भूत नसतं हे मला पक्कं ठाऊक होतं. मग भूत नाही तर काय आहे? काहीच नाही. आणि काहीच नसताना बाई म्हणते कोणी बोलतं, म्हणजे बाई खोटं बोलते. इतका सरळ हिशोब मी मांडला. माय निदान तिचं खरं तरी मानत होती. शिकलेल्यासारखं बोलणारा मी, मी तिला ढोंगी ठरवलं. या दोन्हींच्या मधे तिसरं काही असतं हे मला माहीत नव्हतं. आजार म्हणजे आम्हाला ताप, खोकला, हगवण, मोडलेलं हाड. डोकं बिघडलं तर तो पागल, आणि पागल म्हणजे रस्त्यानं कपडे फाडत फिरणारा. माझी बायको तर पोरीची वेणी घालत होती.

विहारात गोष्ट पोचलीच. एक जण सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, दुसऱ्याच्या घरचे भुतं काढून राहिले तुमी, आता घरचं पाहा नं गा." हसले लोक. मी घरी आलो आणि तिच्यावर हात उचलला. एकदाच नाही उचलला. लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो.

वर्ष-दीड वर्ष असं गेलं. मग एका रविवारी दुपारी मी गोदामातून सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आणली. माय आणि पोरीला बाहेर बसवलं, बायकोला समोर उभं केलं आणि भिंत फोडायला सुरुवात केली. मला वाटलं, एकदा डोळ्यांनी पाहिलं की संपलं. एका विटेचीच भिंत ती. पाच-सहा घावांत परात जाईल एवढं भोक पडलं. पलीकडून सरकीच्या गोण्या दिसायला लागल्या, धूळ आमच्या पिठात आली. गोदामाचा चौकीदार धावत आला, त्याला वाटलं चोर शिरले.

मी घामाघूम. तिला म्हटलं, "दाखव. कुठी आहेत त्या? काढ बाहेर."

तिनं वाकून भोकातून पाहिलं. नीट पाहिलं, जसं कोणी हरवलेली वस्तू पाहतं. मग मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "तुमी असले म्हंजे त्या हळू बोलतात."

मी सब्बल खाली ठेवली. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, ही खोटं बोलत नाही. खोटं बोलणारा माणूस भोकात डोकावून पाहत नाही. पण मग काय, ते कळेना. मी भिंत पुन्हा बांधली. चौकीदारानं ही गोष्ट गोदामभर केली आणि पंधरा दिवस जो येईल तो मला म्हणायचा, मुकादम, आमच्या घरची भिंत पण पाडायची आहे. तेव्हा मी मुकादम झालेलोही नव्हतो.

हसला नाही तो एक पंजाबी ड्रायव्हर. अमृतसरचा माल घेऊन यायचा. मला बाजूला घेऊन म्हणाला, माझ्या भावाला हेच होतं, रेडिओ त्याचं नाव घेतो म्हणायचा. "भूत-वूत कुछ नहीं है, यार. नाटक भी नहीं है. बीमारी है, दवाई मिलती है." एवढंच. चहा प्यायला आणि गाडी काढली. माझ्या डोक्यात जी तिसरी जागा नव्हती ती त्यानं करून दिली.

मी तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. डोक्याच्या आजाराचा विभाग मागच्या बाजूला होता. डॉक्टर वयस्क, बारीक, चष्म्याला एका बाजूनं दोरा बांधलेला. मी सांगायला लागलो तर म्हणाले, तुम्ही थांबा. तिच्याकडं वळले आणि शेजारणीची चौकशी करावी तसं विचारलं, "किती जणी आहेत, बाई?"

"दोघी."

"ओळखीच्या आहेत?"

"एक मावशीसारखी वाटते. दुसरी कोन ते नाई मालूम."

"काय म्हणतात?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली पाहून सांगितलं, "म्हनतात, हे उठली, हे बसली, हिले भाकर नाई जमत. अन् म्हनतात, तुहा नवरा तुले पागलखान्यात टाकून देईन. पुन्हा पाहाले बी येनार नाई."

दीड वर्ष मी तिच्यासोबत एका खोलीत राहत होतो. आवाज आहेत की नाहीत यावर भांडलो, मारलं, भिंत पाडली. ते काय म्हणतात हे एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टर मला म्हणाले, भिंतीत कोणी नाही हे तुमचं बरोबर. पण तिला ऐकू येतं हे तिचंही बरोबर. जसा माझा आवाज तुम्हाला येतो तस्साच तिला तो येतो. डोक्यातच तयार होतो आणि बाहेरून आल्यासारखा वाटतो. आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं, ते मला आजही नीट म्हणता येत नाही. बाळंतपणानं झालं का, मारानं झालं का, मी विचारलं. म्हणाले, एका कारणानं होत नाही. पण मारलं तर वाढतो. ते त्यांना कसं कळलं मला ठाऊक नाही. मी काही बोललो नव्हतो.

गोळ्या सुरू झाल्या. तीन-चार आठवड्यांनी ती म्हणाली, त्या दूर गेल्या, रस्त्याच्या पलीकडून बोलल्यासारख्या. मग तेही थांबलं. पण गोळ्यांनी हात कापायचे, चाल लाकडासारखी झाली, बोलताना तोंडाला पाणी सुटायचं. विहारात बायका कुजबुजायला लागल्या की नवऱ्यानं काहीतरी खायला घातलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बरं वाटलं तरी बंद करायच्या नाहीत, त्रास झाला तर माझ्याकडं या, त्यावरही गोळी आहे. मी गेलो नाही. आमच्यात ताप उतरला की औषध बंद. बरं झालेल्या माणसाला औषध कशाला? मी गोळ्या बंद केल्या. तिनं विचारलं, बंद करायच्या का? मी म्हटलं, हो, तू बरी झाली.

दोन महिने बरी राहिली. हात थांबले, चाल सुधारली, मी मायला म्हणालोही, पाहा. तिसऱ्या महिन्यात ती अमरावती रोडच्या मधोमध चालताना सापडली. दोन्ही बाजूंनी ट्रक, हॉर्नचा गोंगाट, आणि ती कानांवर हात ठेवून सरळ चालली होती. आमच्याच गोदामाच्या एका हमालानं तिला ओढून काढलं. घरी आणली तर कोणाला ओळखेना, अन्नाला शिवेना. म्हणे, यात काही मिसळलं.

डॉक्टर मला रागावले. मला रागावलेलं चाललं. पण पुढं ते म्हणाले, आता घरी जमणार नाही, भरती करावी लागेल. कुठं, ते सांगायची गरज नव्हती. नागपुरात त्या जागेला सगळे एकच नाव देतात, पागलखाना.

त्या दोघींनी तिला जे सांगितलं होतं तेच मी करायला निघालो होतो.

टांग्यानं तिला नेलं. फाटकापाशी उतरताना तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली ती सोडेना. आत कागदं करणारा बाबू होता. पत्ता नीट लिहा म्हणाला. लोक चुकीचा पत्ता देऊन जातात, पत्र टाकलं की परत येतं, आणि बाई इथंच म्हातारी होते. मी म्हटलं, मी स्वतः लिहितो. माझं अक्षर मोठं, ओळीत बसत नाही. वाडी, गोदाम, मागची शेवटची खोली, सगळं लिहिलं. मग तो कागद तिला दाखवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी दाखवला.

"हे आपल्या घरचं लिहिलं," मी म्हटलं. "मी दर इतवारी येतो. अन् तू चांगली झाली की न्यायले येतो."

"त्या नाई म्हनतात," ती म्हणाली.

"त्यायले म्हनू दे. तू मले पाहाजो."

बाही तिनं सोडली नाही. नर्सबाईनं एकेक बोट सोडवलं.

दर रविवारी मी गेलो. रविवार म्हणजे विहाराचा दिवस. माझ्याशिवाय बोलायला कोण उठत होतं मला माहीत नाही आणि काही बिघडलंही नाही. पहिले दोन रविवार ती भिंतीकडं तोंड करून बसली. मी बाकावर बसायचो आणि पोरीचं सांगायचो. पोरगी आता मायच्या हातचं खात नाही, स्वतः खाते. तिसऱ्या रविवारी तिनं विचारलं, सांडते का? मी म्हटलं, अर्धं सांडते. बाजूच्या खाटेवर एक म्हातारी होती, ती दर वेळी मलाच आपला भाऊ समजून विचारायची, गाडी आणली का गा? मी म्हणायचो, पुढच्या इतवारी आणतो. काय म्हणणार?

दोन महिन्यांनी घरी न्या म्हणाले. मी सकाळीच गेलो. ती तयार होऊन बाकावर बसलेली, गाठोडं मांडीवर. मला पाहून उठली नाही. बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "त्या खोट्या पडल्या वं माय." मला नाही, स्वतःलाच.

त्यानंतर गोळ्या कधी बंद झाल्या नाहीत. पुढं महिन्याचं इंजेक्शन निघालं, ते सुरू झालं. आवाज कायमचे गेले असं मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात, झोप कमी झाली की, घरात कोणी मेलं की येत. पण आता मी विचारायचो. कामावरून आलो की हातपाय धुतानाच म्हणायचो, काय म्हनून राहिल्या आज? ती सांगायची. एकदा म्हणाली, भाजीत मीठ जास्त पडलं म्हनतात. मी खाऊन पाहिलं आणि म्हटलं, आज त्यायचं बरोबर आहे. हसली ती. जास्त झालं, ती खायची थांबली, तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडं. ते डॉक्टर गेल्यावर दुसरे आले, त्यांनाही मी आधी हेच सांगायचो, तिला विचारा, मला नका विचारू.

गेल्या वर्षी गेली ती त्या आजारानं नाही. हृदयानं गेली. धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात भरती केलं होतं. काचेच्या दाराआत ठेवलं, मला आत जाऊ देईनात. सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच मिनिटं. मी दाराबाहेर खुर्चीवर बसून राहिलो. पोरगी म्हणाली, बाबा, घरी चला, इथं बसून काय होते? मी उठलो नाही. एक नर्स आत जात होती, पोरीच्याही पोरीच्या वयाची. तिला थांबवून म्हटलं, "तिले सांगजो, मी बाहेर बसून आहे म्हनून."

ती म्हणाली, आजोबा, त्या शुद्धीवर नाहीत, त्यांना ऐकू येणार नाही.

मी म्हटलं, तुले काय मालूम तिले काय ऐकू येते. तू सांग.

नर्सनं माझ्याकडं पाहिलं. मग आत गेली, तिच्या कानाशी वाकली आणि सांगितलं. काचेतून मी पाहिलं.