बोट दाखवलं की द्यायचं नाही

मुलगी सव्वादोन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा मी तिला बारामतीला, मुलांना बोलतं करणाऱ्या एका बाईंकडं नेलं. कान ठणठणीत होते. बाई म्हणाल्या, "हिला बोलायची गरजच पडत नाही. बोट दाखवलं की लगेच देऊ नका. वस्तूचं नाव घ्या, तिच्याकडं बघा, थांबा. कसलाही आवाज काढला की द्या. पण नियम घरात सगळ्यांनी पाळायचा."

वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं. नवरा कारखान्यात पाळीवर, मी इंदापूरच्या शाळेत, मुलगी दिवसभर सासूबाईंपाशी. पणदरे गावात दुधदुभत्यात आयुष्य गेलेल्या सासूबाईंना हे ऐकूनच राग आला. "लेकराला मागायला लावायचं व्हय? तेबी खायाला?" दोन दिवसांनी मात्र त्याच म्हणाल्या, "बरं बाई, तू म्हणशील तसं." नवऱ्यानंही मान डोलावली. मी विश्वास ठेवला.

घरी आले की मी वाटी हातात धरून थांबायचे. "साय. साय हवी?" ती रडून लाल व्हायची, मीही रडकुंडीला यायचे, पण नियम मोडला नाही. तीन महिने घरातली कैदाशीण मी एकटीच.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. मागच्या दारानं आत आले. मुलीनं फ्रिजकडं बोट केलं. ते बोट खाली यायच्या आत सासूबाईंनी साय-साखरेची वाटी तिच्या हातात दिली. नवरा समोर बसून कौतुकानं बघत होता. "आटप गं माझे बाय, आई यायच्या आत," सासूबाई म्हणाल्या. हे रोजचंच होतं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तोंडावर हो म्हणायचं आणि पाठ फिरली की हे! तिघांनी मिळून मला मूर्ख बनवलं होतं. हो, तिघांनी, कारण मला बघताच मुलीनं वाटी पाठीमागं लपवली.

मी तिच्यापुढं बसले. ओठांवर साय, हनुवटीला साखर. "साय खाल्लीस?"

तिनं आजीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अगदी स्वच्छ म्हणाली, "न्हाय."

"बोलली गं, बोलली!" सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं तिला उचलून गरागरा फिरवलं. मी खालीच बसून राहिले. तीन महिने वाट पाहिलेला तिचा पहिला शब्द माझ्याशी खोटं बोलायला आला होता, आणि तो शिकवणारी मी नव्हते.