विल्सनचे बुडबुडे

तुमच्याच मुलखातल्या, तुमचीच भाषा बोलणाऱ्या माणसाला तुमच्या आधी बढती मिळाली, तर तुम्हाला खरंच आनंद होतो? मला झाला नाही.

मी मालवणजवळच्या किनाऱ्यावरचा. मस्कतला निघालो तेव्हा कुडाळ स्टेशनवर बाबांनी ट्रॉलरविरोधी पत्रकांचा गठ्ठा माझ्या बॅगेत कोंबला. "थंय आपली माणसां गावतली. वाटून टाक." आई म्हणाली, "तेका आधी इमानात तरी बसूक देतले मा?" गाडी हलली तरी दोघांचं भांडण चालूच होतं. बाबांच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. अन्याय दिसला की लिहायचं, ही आमच्या घरची शिस्त.

काम मिळालं ते डाइव्ह सेंटरवर, समुद्रात बुडी मारणाऱ्या पाहुण्यांच्या सिलिंडरमध्ये हवा भरायचं. दिवसभर कॉम्प्रेसरचा आवाज आणि खांद्यावर सिलिंडर. पण सोबत ट्रेनिंग मिळत होतं, आणि अर्बाबने, म्हणजे मालकाने, सांगितलं होतं की हंगामाआधी स्टाफमधला एक जण गाइड होणार. तो मीच, हे मी ठरवून टाकलं होतं. गावात बुडी मारून खडकाचे शिंपले काढताना माझ्याइतका दम कुणाचाच टिकत नसे. मी वर येईपर्यंत काठावरची पोरं मोठ्याने आकडे मोजायची.

दुसरा उमेदवार विल्सन. वसईचा, रिसेप्शनवर बसणारा. पोहायला शिकला तो मस्कतमध्ये, हॉटेलच्या तलावात, तेही मिशा फुटल्यावर. बोटीत त्याला उलट्या व्हायच्या, आणि मी सगळ्यांना ऐकू जाईल असं हसायचो.

सिलिंडरची हवा घेताना पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा तिथला पहिला नियम. वर येताना छातीतली हवा फुगते. तोंड बंद ठेवलं तर फुप्फुस फाटतं. मला हे पाठ होतं. माझ्या अंगाला नव्हतं. परीक्षेत तळापासून वर यायचं, नवा श्वास न घेता, सतत हवा सोडत. मी सरळ, शांत, झोकात वर निघालो, तोंड घट्ट मिटून. आमचा ओमानी इन्स्ट्रक्टर नासिर याने अर्ध्यात पाय धरून मला थांबवलं, आणि वर आल्यावर ओरडला, "बुलबुला किधर है? मरना है क्या?"

तीनदा हेच झालं. विल्सन दुसऱ्या खेपेला पास झाला. दम धरायची सवयच नसल्याने त्याला विसरायचं काही नव्हतंच. त्याच्या तोंडातून निघालेले बुडबुडे मी खालून पाहत होतो आणि जळत होतो. त्या दिवसापासून त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याचा भांग, त्याचं इंग्लिश, सकाळी सकाळी "काय मालवणी, झोप झाली?" असं विचारणं.

मग मी पत्रक लिहिलं. सगळ्या स्टाफला कळावं म्हणून हिंदीत. घाम गाळणारे सिलिंडर उचलतात, एसीत बसणाऱ्यांना समुद्र मिळतो, असं जळजळीत. खाली 'एक कामगार'. स्टाफरूमच्या फ्रिजवर चिकटवलं. पण प्रत्येक सिलिंडरवरची चिठ्ठी माझ्याच अक्षरात असायची. कामगार कोण हे कळायला पाच मिनिटंही लागली नाहीत.

विल्सनने उभ्याउभ्या सगळं वाचलं. "नाव टाकायला घाबरलास काय रे? आणि एसीत बसणारा? काउंटरवरचा एसी मे महिन्यापासून बंद आहे, बाबा! येऊन बस एक दिवस." सगळे खो खो हसले. रात्री खोलीवर सांगितलं तेव्हा सोबत राहणाऱ्या ड्रायव्हर-दुकानदारांनी मात्र पाठ थोपटली. "बरोबर लिहिलंस, यल्ला, चल, अजून लिही!"

घरी फोन करून सांगितलं, जागा आता विल्सनलाच मिळणार. आई लगेच कडाडली, "मेल्यान माझ्या झिलाच्या तोंडातलो घास काढल्यान!" बाबांनी तिच्या हातातून फोन घेतला. मग विचारलं, "तो तुझ्यापरास बरो हा काय?" मी फ्रिजवरचं पत्रक, काउंटर, कॉम्प्रेसर, कामगारांचे हक्क असं बोलत सुटलो. "ता नाय इचारलंय. पाण्यात बरो हा काय?"

"हो," मी म्हणालो.

"मगे तो कागद फाड."

मी फाडला. गाइडची जागा विल्सनला मिळाली. त्यानंतरचं सगळ्यात कठीण काम म्हणजे त्याच्याकडे जाऊन, मला शिकव, असं म्हणणं. सुट्टीच्या दिवशी तो मला उथळ तलावात उभा करायचा. "डॉक्टरला घसा दाखवतोस ना, तसा 'आ' कर. आणि बंद करू नकोस!" अख्खा हंगाम गेला त्यात. पुढच्या वर्षी मी गाइड झालो. आता मस्कतजवळच्या बरका गावासमोरच्या बेटांपाशी पाहुण्यांना पाण्याखाली नेतो. कुणी विल्सनच हवा म्हणून अडून बसलं की अजूनही अंगाची आग होते. पण तिला मी मत्सरच म्हणतो. अन्याय म्हणत नाही.

घराची आठवण येते तेव्हा हल्ली किनारा डोळ्यांसमोर येत नाही. माझी बाजू घेणारे इथे खोलीभर मिळाले. माझ्याकडून 'हो' वदवून घेणारा माणूस मात्र तिकडेच राहिला आहे.

म्हणून मागे राहिलेल्यांना एवढंच सांगणं आहे. परदेशातून तुमचं माणूस फोन करून दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडू लागलं, तर लगेच त्याच्यासोबत शिव्या देऊ नका. आधी विचारा, तो तुझ्यापेक्षा चांगला आहे का? आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका.