खंडेनवमीचं अपग्रेड

आमच्या कंपनीतल्या मेलच्या सॉफ्टवेअरला मी कितीतरी महिने दारातच थोपवून धरलं होतं. सकाळी कम्प्युटर सुरू केला की पडद्यावर चौकट यायची: नवीन आवृत्ती आली आहे, आता घ्यायची की नंतर? मी न चुकता 'नंतर' दाबायचे. चालत्या गाडीला खीळ कशाला घालायची? मी डिस्पॅच, म्हणजे मालाची रवानगी, सांभाळते, आणि डिस्पॅचच्या माणसाला नव्याची नवलाई परवडत नाही.

आमचा कारखाना तळवड्यात, लहानसा. मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या आम्ही बनवतो आणि चाकणच्या एका मोठ्या कारखान्याला पुरवतो. तिथे माल साठवून ठेवत नाहीत, गाडीतून उतरला की सरळ मोटारी जोडायच्या लाइनवर जातो. म्हणून आमची गाडी त्यांच्या गेटवर पोचायच्या आत मालाचा तपशील मेलनं गेलेला लागतो, आणि तोही डिस्पॅच विभागाच्या पत्त्यावरूनच. माझ्या नावाच्या पत्त्यावरून पाठवला तर त्यांची यंत्रणा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मेल नाही तर गाडी आत नाही, आणि गाडी आत नाही तर थोड्या वेळानं त्यांची लाइन बंद. मी या खुर्चीवर बसल्यापासून आमची एकही गाडी गेटवरून परत आलेली नाही. हे मी लाजतमुरडत सांगणार नाही. काम माझं आहे आणि मी ते चोख करते.

हा ताठा मला वडिलांकडून मिळाला. ते मराठवाड्यातून आले आणि उभी हयात पिंपरीतल्या एका कंपनीत इंजिनच्या लाइनवर उभे राहिले. 'आज लाइन थांबली' असं म्हणत ते घरात शिरले की आई आम्हा भावंडांना गप्प बसायची खूण करायची. कुणामुळे थांबली हे ते सांगत नसत, पण स्वतःमुळे कधी थांबली नाही हे मात्र आवर्जून सांगत.

दर खंडेनवमीला आमच्या शेठच्या आई चऱ्होलीहून पूजेला येतात. प्रेस, ड्रिल, वजनकाटा असं करत करत शेवटी ऑफिसातल्या कम्प्युटरपर्यंत पोचतात. आम्ही बौद्ध, हे आजींना ठाऊक आहे. त्या मला कुंकू लावत नाहीत, हातावर दोन पेढे ठेवतात. माझ्या कम्प्युटरला मात्र लावतात. त्याला माझी हरकत नाही. त्याचा धर्म मी कधी विचारलेला नाही.

गेल्या वर्षी पडदा नवा होता, बोट लावलं की चालणारा. त्यावर ती नेहमीची चौकट उघडीच होती. आजींनी कुंकवाचं बोट पुढे केलं आणि श्रद्धेनं, चांगलं दाबून टेकवलं. नेमकं 'आता'वर. पडद्यावर पांढरी पट्टी सरकायला लागली.

"अहो आजी," मी पुढे झाले.

"आता हात लावायचा न्हाई पोरी," आजी म्हणाल्या. "पूजा झाली. आज त्येला बी इसावा."

पूजा झालेल्या यंत्राला दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही, हा आजींचा नियम शेठलाही मोडता येत नाही, तिथे माझी काय कथा. मी तोंडात पेढा धरून पट्टी पूर्ण होताना बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी दसरा. आम्हाला सुट्टी, पण चाकणची लाइन चालू होती आणि आमची गाडी पहाटेच निघाली होती. आमच्या घरी तो धम्मचक्र प्रवर्तन दिन. मी पांढरी साडी नेसूनच ऑफिसात गेले. एक मेल टाकायचा आणि तसंच थेरगावच्या विहारात जायचं, वडील तिथे वाट बघणार होते. पडद्यावरचं कुंकू पुसलं, मेल उघडला, आणि परक्याच्या घरात शिरल्यासारखं झालं. वरची पट्टी गेली होती, चित्रं बदलली होती. आणि जिथून डिस्पॅचचा पत्ता निवडायचा ती 'फ्रॉम'ची ओळ जागेवर नव्हती. मेल माझ्याच नावानं जायला तयार बसला होता.

ड्रायव्हरचा फोन आला. "ताई, मेल दिसत न्हाई म्हणत्यात. माझ्या म्होरं दोन-तीनच गाड्या हायेत. नंबर आला की बाजूला काढतील."

तेवढ्यात शेठ आले. कम्प्युटरवाल्याला फोन लावला, तो गावी. मग म्हणाले, "ताई, तुमच्या नावानंच टाका, बघू." टाकला. गेटनं तो मानला नाही. मला संताप आला, तो सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांचा. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात न विचारता डबे हलवायचे आणि वर म्हणायचं, आता किती सोयीचं झालं.

पण त्या संतापातच मला उत्तर सापडलं. मी माऊसवरून हात काढला आणि विचार केला. मांडणी बदलणारी बाई वस्तू फेकून देत नाही. रोज लागतं ते हाताशी ठेवते, क्वचित लागतं ते माळ्यावर टाकते. विभागाच्या नावानं मेल पाठवणारी माणसं जगात कितीशी असणार? मला रोज लागणारी ओळ त्यांच्या हिशेबी अडगळ होती. म्हणजे समोर शोधण्यात अर्थ नव्हता, माळा शोधायला हवा होता.

"ताई, काय करताय?" शेठ घायकुतीला आले होते.

"बोलू नका," मी म्हणाले. शेठला मी त्याआधी असं कधी म्हटलेलं नव्हतं.

नवीन मेल उघडला. वरच्या ओळीत 'ऑप्शन्स' होतं, त्यावर गेले. तिथेही ढीगभर चित्रं, सगळी निरुपयोगी. पार उजव्या टोकाला मात्र तीन बारीक ठिपके. तोच माळा. दाबले, आणि खाली उघडलं, 'शो फ्रॉम'. ओळ परत आली. डिस्पॅचचा पत्ता निवडला, तपशील जोडला, पाठवला.

ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत शेठ आणि मी दोघंही फोनकडे बघत बसलो. "घेतली आत," तो म्हणाला. शेठनी खुर्चीत अंग टाकलं. मला इतका आनंद झाला, की मी एकटीच मोठ्यानं हसले.

विहारात पोचले तेव्हा वंदना संपून खीर वाढणं चाललं होतं. वडील त्यांच्या कंपनीतल्या जुन्या मित्रांच्या पंगतीत बसले होते. त्यांचा चेहरा त्रासलेला होता.

"का गं, एवढा उशीर?"

"गाडी गेटवर अडकली होती."

त्यांनी खिरीचा द्रोण खाली ठेवला. "लाइन थांबली?"

"नाही. मी थांबू दिली नाही."

वडिलांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग मित्रांकडे वळून म्हणाले, "सरका रे जरा. लाइनवरचं माणूस आलंय."