तुळशीचं पाणी

तुळशीचं पान चुरगळलं की पन्नासच्या दशकातली आर्वीकडची ती मिशनची खोली आठवते. 'हे मरणाऱ्यांनाही बाटवतात' असं पत्रक छापून मी फादरला रंगेहाथ धरायला गेलो होतो. महारोगामुळे घरच्यांनी टाकलेली कौसाबाई शेवटचे श्वास घेत होती. तिथंच म्हातारा झालेला फादर पाण्याची वाटी घेऊन वाकला होता.

“बाप्तिस्मा देऊन राह्यले न!” मी ओरडलो.

“ओरडतं काऊन, बापू? बुढीनं तुळशीचं पाणी मांगतलं. घरचं कोणी आलं नाई. तूच पाज न तिले.”

वाटीत खरंच तुळशीचं पान होतं. माझा हात पुढे होईना. मग त्यानंच पाजलं, तिच्या कानाशी ‘राम, राम’ म्हणत राहिला.

चिडून पत्रकं मी आजही लिहितो. पण लिहिताना फादरच्या गळ्यातला तो क्रूस दिसतो. वाकताना तिच्या अंगाला लागू नये म्हणून त्यानं तो पाठीवर टाकला होता.