काटापूजनाच्या दिवशीची आग

टपालाने शिकता येतं यावर आमच्या आईचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. तिच्या मते टपालाने मनिऑर्डर येते, लग्नपत्रिका येते, फार तर मयताची तार येते. शिक्षण येत नाही. त्यातून मी घेतलेला विषय गुन्हेगारीशास्त्र आणि सुरक्षा, आणि तोही पदवीच्या पुढचा. पोस्टमनने पुस्तकांचा गठ्ठा ओट्यावर टाकला तेव्हा वरच्या पुस्तकावरचं बेड्यांचं चित्र बघून आई म्हणाली, "माय वो, पोरगी चोरायचं शिकून राह्यली!" शेजारच्या एका बाईने ते इतकं मनावर घेतलं की मी अंगणात दिसले की ती दोरीवरचे कपडे आत नेऊ लागली.

मी तेव्हा पांढरकवड्याच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या एका जिनिंगच्या फाटकावर सुरक्षा रक्षक होते. जिनिंगमध्ये कापसाची रुई आणि सरकी यंत्रावर वेगळी होते, त्या कामाला मजूर बाया असायच्या. संध्याकाळी घरी जाताना त्यांची झडती घ्यायला बाईमाणूस हवं होतं, म्हणून मला घेतलं. बी. ए. होऊन घरी बसले होते, तेव्हा आनंदाने गेले. साडीवर खाकी शर्ट घालायचा आणि दिवसभर उभं राहायचं. आत एका खोलीत सुरक्षा अधिकाऱ्याची खुर्ची होती, हाताची, फिरणारी. तिच्यावर कोणीच बसत नव्हतं, कारण ती जागा रिकामी होती आणि त्या जागेला शिकलेला माणूस लागत होता. माझ्या उच्च शिक्षणामागे ही एवढीच प्रेरणा होती. लोक ज्ञानाच्या ओढीने शिकतात असं ऐकते. माझे पाय दुखत होते.

रविवारी एसटीने यवतमाळला जायचं. अभ्यासकेंद्रात आम्ही थोडे लोक जमायचो, त्यात बरेच पोलिसातले, एक तुरुंगातला, आणि बाई मी एकटीच. पुस्तकं मोठी छान होती. पण त्यांतली सुरक्षा सगळी बँकांची, विमानतळांची आणि काचेच्या इमारतींची. आमच्या तारेच्या कुंपणाला बकऱ्यांनी पाडलेली भोकं होती, त्याला काय म्हणायचं ते कुठल्याच धड्यात सापडत नव्हतं. पुस्तकात गुन्हेगार, बळी आणि राखणदार असे तीन वेगवेगळे लोक असायचे. आमच्याकडे हे तिघेही एकाच टपरीवर चहा प्यायचे आणि एकमेकांच्या घरच्या लग्नात पंगतीला बसायचे.

फाटकावर माझ्यासोबत काका होता. नात्याचा नाही, पण सगळं जिनिंग त्याला काकाच म्हणायचं. जुन्या शेठच्या वेळचा माणूस. कापसाला आगीची भीती फार, म्हणून कापसाची बैलबंडी घेऊन आत येणाऱ्या प्रत्येक बंडीवाल्याची बिडी-माचीस काढून घ्यायची, हे त्याचं मुख्य काम. कलेक्टर आला तरी तो खिसे उलटे करायला लावील अशी त्याची ख्याती होती. स्वतः मात्र पक्का बिडीवाला. तल्लफ आली की "पोरी, पाय मोकळे करून येतो," म्हणून हायवे ओलांडून पलीकडच्या बाभळीखाली जायचा, तिथे ओढायचा, हात झटकून परत यायचा. आतल्या बाजूला त्याच्या तोंडात बिडी मी कधी पाहिली नाही. दुपारी गर्दी कमी झाली की मी त्याला पुस्तक वाचून दाखवायचे. तो डोळे मिटून ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "लिवनाऱ्यानं फाटकावर ड्युटी केली नाई वाट्टे कधी."

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. भाव बसलेले, बियाणं महाग, पाऊस आपल्या मर्जीचा. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या साहेबांच्या गाड्या धुरळा उडवत हायवेवरून खेड्यांकडे जायच्या. टीव्हीवाले फाटकाशी थांबून उदास चेहऱ्याचा शेतकरी मागायचे. एकाला काका म्हणाला होता, "बापा, आमच्याइथं हासतेबी लोक. चालते का तुमाले?" त्याला ते चाललं नाही.

अशाच एका वर्षी खरेदी सुरू व्हायचा दिवस आला. त्या दिवशी काटापूजन असतं. ज्या काट्यावर वर्षभर कापूस तोलायचा त्याची पूजा होते, पहिल्या बंडीच्या बैलांना ओवाळतात, आणि पेटलेल्या अगरबत्तीचा जुडगाच पहिल्या बंडीतल्या कापसात खोचतात. होय, कापसातच. ज्या आवारात माचीस नेली तर माणसाला हाकलून देत, तिथेच कापसाच्या पोटात निखारा. पुस्तक वाचून वाचून मला आता ते दिसू लागलं होतं, आणि आदल्या दिवशी मी मॅनेजर साहेबांना तसं म्हणालेही. ते हसले. "अहो, ती लक्ष्मीची अगरबत्ती आहे," म्हणाले. लक्ष्मी स्वतःचं घर कशी जाळेल, असा एकूण युक्तिवाद.

अगरबत्ती खोचायचा मान जुन्या शेठपासून काकाचा. तो खोचताना बाकीच्यांनी त्याच्या हाताला हात लावायचा, म्हणजे पूजा सगळ्यांची होते. ज्याचा हात पोचत नाही त्याने पुढच्याच्या खांद्याला लावायचा. शेठ, मॅनेजर, ग्रेडर, हमाल, बंडीवाला, बंदोबस्ताला आलेले हवालदार, सगळे त्या साखळीत. मी मागे उभी होते. आमचं घर बौद्ध, आमच्याकडे पूजाअर्चा नाही, आणि वडील या बाबतीत फार कडक. पण काकाने मान वळवून मला शोधलं. "ये वो पोरी, लाव हात. माह्यासाठी लाव." मग मी पुढे होऊन त्याच्या कोपराला हात लावला. लक्ष्मीशी माझं देणंघेणं नव्हतं, काकाशी होतं.

दरवर्षी नारळ फुटला की कोणीतरी अगरबत्ती उपटून घ्यायचं. कोणी, ते ठरलेलं नव्हतं. त्या दिवशी नेमके टीव्हीवाले आले आणि सगळे, शेठपासून हमालापर्यंत, केस नीट करत तिकडे धावले. गर्दी आत घुसू नये म्हणून मी आणि काका फाटकाकडे पळालो. मागच्या बंड्यांनी ओरडा केला, तेव्हा घाईघाईत पहिली बंडी तोलली आणि पटांगणात रिकामी केली. तिच्यावर दुसरी, तिसरी, अशी कापसाची गंजी चढत गेली. दुपार कलल्यावर गंजीतून धूर निघाला.

गंजीच्या पोटातला कापूस भडकत नाही, आतल्या आत कुढत जळतो. हमालांनी गंजी फोडली, बायांनी बादल्या ओतल्या, टँकर आला. माणूस कोणी भाजला नाही, पण अर्ध्याहून जास्त गंजी काळी झाली. शेठ डोक्याला हात लावून काट्यावरच बसला.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर साहेबांनी मला बोलावलं. "तुम्ही त्याचंच शिक्षण घेताय ना? मग रिपोर्ट तुम्हीच लिहा. पोलीस येणार आहेत. बिडीने लागली, एवढं लिहिलं की झालं." कोणाची बिडी, असं मी विचारलं. "ते शोधतील ते," म्हणाले. पण आमच्या आवारात बिडी म्हटलं की एकाच माणसाचं तोंड समोर यायचं, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. माझ्या अभ्यासाच्या प्रकल्पावर त्यांची सही लागणार होती, त्याचीही त्यांनी जाता जाता आठवण करून दिली.

मी गंजीजवळ गेले. बिडी वरून पडली असती तर वरचा कापूस आधी जळला असता. जळलं होतं ते तळाशी, पहिली बंडी ओतली होती तिथे. काळा गोळा फोडला तर आत बांबूच्या बारीक काड्या निघाल्या, एकमेकींना चिकटलेल्या. त्या ओळखायला पदव्युत्तर शिक्षण लागत नाही. मी काड्या कागदात गुंडाळल्या आणि काकाला शोधत बाभळीखाली गेले. तो बसला होता, पण बिडी पेटवली नव्हती.

काड्या पाहून त्याने विचारलं, "कोनाले दाखोल्या का?"

"नाही."

"मंग फेकून दे. बिडीचंच लिही."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. तो शांतपणे सांगू लागला. "हे पाह्य. बिडी मानसाची असते. मानूस चुकते, त्याले हाकलता येते, गोष्ट मिटते. अगरबत्ती देवाची हाये. लक्ष्मीच्या पूजेनं लक्ष्मी जळाली असं गावोगाव झालं, तं कोन आनंल इथं कापूस? आन् ज्याची पह्यली बंडी होती, त्या बिचाऱ्याले लोक कसं जगू देतीन? यंदा तसंच कोनाचं काई धड नाई. माहं काय, मी म्हातारा मानूस."

"पोलीस नेतील तुम्हाला."

"नेतीन तं नेतीन. खोचली तं म्याच होती न? मंग बिडी काय आन् अगरबत्ती काय, हात तं माहाच."

मला त्याचा भयंकर राग आला. खरं तर राग मॅनेजरचा होता, पण तो समोर नव्हता. मी काकाला नाही नाही ते बोलले. आयुष्यभर दुसऱ्याच्या खिशातली माचीस काढणारा माणूस बिडीने जिनिंग जाळली म्हणून फाटकावरून जाणार, आणि तेही माझ्या अक्षरात! तो शेवटी एवढंच म्हणाला, "तुह्या पुस्तकात खरं लिहाले सांगतलं असंल. पन खरं कोनाच्या डोक्यावर पडते, ते सांगतलं का?" ते खरोखरच सांगितलेलं नव्हतं.

रात्रभर मी कागद घेऊन बसले असं म्हणायला आवडलं असतं, पण मी झोपले. सकाळी उठून भाकरीच्या आधी लिहून टाकलं. आग पूजेच्या अगरबत्तीने लागली. ती उपटायची जबाबदारी कोणावरही दिलेली नव्हती. फाटकावरचा नियम माणसांना लावला, पूजेला लावला नाही. एवढंच. संध्याकाळी मॅनेजर साहेबांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे द्यायचं नाही," म्हणाले. तोवर हवालदार दारात उभे होते आणि त्यांनी हात पुढे केला होता. कागद त्यांच्या हातात गेला, काड्यांची पुडी मी दिली.

ऑफिसात शेठ होता, मॅनेजर होते, दाराशी काका होता. काकाने आदल्या दिवसापासून माझ्याशी शब्द काढला नव्हता, माझ्या हातचा चहाही घेतला नव्हता. हवालदारांनी कागद वाचला, काड्या उलटसुलट केल्या.

"अगरबत्ती कोनं खोचली?"

"म्या," काका पुढे झाला. "माहं नाव लिहा."

हवालदार लिहू लागले. आपण लिहिलेल्या खऱ्यानेच हा माणूस जाणार, हे मला तेव्हा लख्ख दिसलं, आणि काका बाभळीखाली काय सांगत होता तेही कळलं.

"साहेब, त्यांच्या हाताला माझा हात होता," मी म्हणाले. "माझंही नाव लिहा."

"तू चूप बस वो!" काका ओरडला.

मॅनेजर साहेब खिडकीबाहेर बघत होते. मग शेठने, ज्याची गंजी जळली होती त्या शेठने, घसा साफ केला. "हात तं माहाबी होता," तो म्हणाला. "सगळ्यायच्या आंधी माहाच होता."

हवालदारांनी लिहिणं थांबवलं. पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. "असं धरलं तं पंचनाम्यात मले माहंबी नाव टाका लागते," ते हळूच म्हणाले. "मी मॅनेजर साहेबाच्या खांद्याले हात लावून उभा होतो." मग त्यांनी काकाचं नाव खोडलं आणि 'पूजेच्या वेळी नजरचुकीने' असं लिहून खाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मॅनेजर साहेबांनीही केली, सगळ्यात शेवटी.

काकाने सहीच्या जागी अंगठा उठवला आणि तसाच उभा राहिला, शाईचा अंगठा वर धरून. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्याला हात कुठला वापरावा ते सुचत नव्हतं. मलाही रडू कोसळलं. मला त्या म्हाताऱ्याची इतकी माया आहे हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

शेठ अवघडून गेला. काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, "काका, घरी जा आता, आराम करा. मंग ड्युटीवर कवा येता?"

काकाने बाहीने नाक पुसलं. बाहेर फाटकाशी बंड्या खोळंबल्या होत्या, कोणीतरी बैलांवर ओरडत होतं.

"आजचीच कुठी सुटली अजून?" तो म्हणाला, आणि फाटकाकडे चालू लागला. दोन पावलं गेल्यावर थांबून माझ्याकडे न बघता म्हणाला, "चाल न वो पोरी. बाया झडतीसाठी केव्हाच्या उभ्या हायेत."