बादली भरायला पाच मिनिटं

गुरुवार, सकाळी दहा. हडपसरमधल्या एका चार मजली सोसायटीचा दुसरा मजला. हजर: शेखसर, निवृत्त गणित शिक्षक आणि सोसायटीचे माजी सेक्रेटरी; त्यांच्या पत्नी नसीमताई, निवृत्त नर्स; त्यांची मुलगी शबाना; लोणी काळभोरहून आलेले माझे प्लंबर पोपटराव; आणि मी. बाथरूमच्या फिटिंगची कामं मी घेते. प्रत्येक कामाची यादी वहीत लिहिते. हे त्याच वहीतून.

"शॉवर आणलात?" सरांनी दारातच विचारलं.

"नाही. आधी पाणी मोजते."

"त्यात मोजायचं काय? नळाला येतंय की."

"येतंय, दिसतंय. किती, ते बघायचंय."

"अहो, त्यांना आत तर येऊ द्या," आतून नसीमताई म्हणाल्या. "आल्या आल्या तोंडी परीक्षा कशाला?"

दोन महिन्यांपूर्वी नसीमताईंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं. हात अजून वर जात नव्हता. तांब्याने अंगावर पाणी घेणं जमत नव्हतं. शबाना सोलापूरहून येऊन राहिली होती, तीच आंघोळ घालायची. पण रविवारी तिला परत जायचं होतं.

"मग एखादी बाई ठेवू या ना," शबाना म्हणाली.

"अजिबात नाही. तीस वर्षं वॉर्डात मी लोकांना आंघोळी घातल्या. लोक कसे अंग चोरून बसतात ते मला ठाऊक आहे. मला शॉवर लावून द्या, मी माझी आंघोळ करीन."

अडचण एकच होती. आधी आलेल्या प्लंबरने नळाची धार पाहून सांगितलं होतं, आतले पाइप गंजून बुजलेत, भिंत फोडावी लागेल. म्हणजे तीन आठवडे बाथरूम बंद. मग शॉवरही नाही आणि आंघोळीला जागाही नाही.

पोपटरावांनी बाथरूमच्या नळाला गेज लावला. गेज म्हणजे पाण्याचा दाब दाखवणारं घड्याळासारखं यंत्र. आमच्या धंद्यात दाब किलोत मोजतात. टाकीतलं पाणी नळापेक्षा दहा मीटर उंच असेल तर नळाला एक किलो दाब मिळतो. इथे काटा एक किलोच्या जरा अलीकडे थांबला. या मजल्याला हवा तेवढाच.

दाब म्हणजे पाणी मागून किती जोरात ढकललं जातंय ते. प्रत्यक्ष किती पाणी येतं, तो प्रवाह. शॉवरला दोन्ही लागतात. प्रवाह मोजायला मी पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ वापरते. नळ पूर्ण सोडला. बादली भरायला पाच मिनिटं लागली. मिनिटाला तीन लिटर. मी ठरवलेल्या शॉवरला आठ तरी हवे होते. नळ सोडल्याबरोबर गेजचा काटाही जवळजवळ शून्यावर आला होता.

"प्रेशर हाय ताई, पण पाणी न्हाय," पोपटराव म्हणाले. "मधी कुटंतरी गळा आवळलाय."

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे भिंत फोडायची?"

"गळा कुठे आवळलाय ते आधी बघू."

तीच बादली स्वयंपाकघरात नेली. तिथेही पाच मिनिटं. म्हणजे दोष बाथरूमच्या भिंतीत नव्हता, पाणी घरात शिरण्याआधीच अडत होतं. मग समोरच्या फ्लॅटची बेल वाजवून तिथे बादली भरली. एक मिनिट पस्तीस सेकंद. म्हणजे टाकी ठीक होती. राहिली फक्त गच्चीपासून सरांच्या घरापर्यंतची लाइन.

मी, सर आणि पोपटराव गच्चीवर गेलो. टाकीखाली आठ व्हॉल्व्ह एका ओळीत होते, प्रत्येक फ्लॅटचा एक. सात पूर्ण उघडे. आठव्याच्या चाकाला तार गुंडाळून पक्की गाठ मारली होती, कोणी फिरवू नये म्हणून.

"ह्यो कुनाचा?" पोपटरावांनी विचारलं.

सरांनी वाकून तारेची गाठ बोटांनी चाचपली. "माझा," ते म्हणाले. "तारही मीच बांधली आहे."

आठ वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पाणीकपात होती. सर तेव्हा सेक्रेटरी. त्यांनी सगळे व्हॉल्व्ह चाकाच्या दोन फेऱ्यांपुरतेच उघडे ठेवून तारेने बांधले. तरी कोणीतरी कुजबुजलं, सेक्रेटरीच्या घरी पाणी जास्त येतं. कपात संपल्यावर सरांनी तारा काढून बाकीचे सातही व्हॉल्व्ह उघडले. स्वतःचा सगळ्यांत शेवटी उघडायचा, म्हणजे बोलायला जागा नको, असं त्यांनी ठरवलं. तो शेवट राहूनच गेला.

व्हॉल्व्ह गंजून घट्ट बसला होता. जोर लावला आणि तुटला असता तर टाकी रिकामी करून सगळ्या सोसायटीचं पाणी बंद ठेवावं लागलं असतं. पोपटरावांनी तार कापली, तेल सोडलं, अर्धा तास थांबले. मग थोडं पुढे, थोडं मागे करत चाक फिरवलं. सर जिन्यात जाऊन उभे राहिले होते. चाक सुटल्याचा आवाज आला तेव्हा बाहेर आले.

खाली नळ आधी हवा ओकला, मग तांबडं पाणी. ते स्वच्छ होईपर्यंत वाहू दिलं, नाहीतर गाळाने शॉवरची भोकं पहिल्याच दिवशी बुजतात. मग बादली लावली. एक मिनिट चाळीस सेकंद. मिनिटाला नऊ लिटर. माझ्याही जिवात जीव आला. भिंत वाचली होती.

नसीमताईंना सगळं सांगितलं. त्यांनी सरांकडे पाहिलं.

"आठ वर्षं मी म्हणत होते, पाणी कमी येतं. काय म्हणायचात?"

"सगळ्यांनाच कमी येतं, म्हणायचो," सर म्हणाले.

"आणि सेक्रेटरीपद सोडून किती वर्षं झाली?"

"सहा."

"बरं. मग गणिताचे सर, ही सहा वर्षं आपण कोणाच्या बोलण्याला भीत होतो?"

शबाना हसत स्वयंपाकघरात गेली. सर हसले नाहीत, पण बादली स्वतः उचलून जागेवर ठेवली.

शनिवारी शॉवर लावला, खाली डाव्या हाताने उघडेल असा नळ दिला. रविवारी शबाना गेली. सोमवारी नसीमताईंचा फोन आला.

"पंचवीस मिनिटं लावली मी. एकटीने. ह्यांनी दोनदा दार वाजवलं."

"काळजीने?"

"कसली काळजी! पाणी वाया जातंय म्हणून."

या कामातून मी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ वाढवली: भिंतीला हात लावण्याआधी गच्चीवर जाऊन येणे.

यादीतली सहा कामं झाली. सातवं बाकी आहे: गच्चीवरच्या आठही व्हॉल्व्हना फ्लॅट नंबरची पट्टी लावणे. पट्ट्या माझ्या बॅगेत तयार आहेत. पण सरांचं म्हणणं, व्हॉल्व्ह सोसायटीचे आहेत, सभेत मंजुरी घेतल्याशिवाय हात लावायचा नाही. सभेची तारीख अजून ठरलेली नाही.